साहेब, तो फीडर मी बंद केला होता

आदरणीय साहेब,



तुम्ही मला ओळखणार नाही. ओळखावं असं माझ्यात काही नव्हतंही. २००८ सालच्या मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षा चालू असताना, तुम्ही कऱ्हाडच्या पुढच्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्राला भेट दिली होती. आदल्या रात्री गावकऱ्यांनी आमच्या कंट्रोल रूमच्या काचा फोडल्या होत्या, म्हणून आला होतात. फरशीवरच्या काचा मीच झाडून एका कोपऱ्यात लावल्या होत्या. तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत, चहाही घेतला नाहीत. उभ्या उभ्या लॉगबुक चाळलंत आणि मला म्हणालात, "राज्यात विजेची तूट आहे. प्रत्येकाने थोडं थोडं सोसलं तरच राज्य चालेल. लोकांना नीट समजावून सांगत जा."

मी मान डोलावली आणि पुढची चार वर्षं समजावून सांगत राहिलो.

परवा तुम्ही पुन्हा दिसलात, टीव्हीवर. एका मोठ्या हॉटेलातल्या परिषदेत व्यासपीठावर बसला होतात. नावाखाली 'सल्लागार' असं काहीतरी लिहिलेलं होतं. डेटा सेंटरवाल्यांना तुम्ही सांगत होता की महाराष्ट्रात या, वीज लागेल तेवढी मिळेल, चोवीस तास मिळेल, शिवाय वीज शुल्क माफ. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा आवाज मात्र तोच होता, समजावून सांगणारा. म्हणून हे पत्र. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितो आहे.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. उपकेंद्रातून अकरा केव्हीचे पाच फीडर निघायचे. एक बाजारपेठेचा, दोन शेतीपंपांचे, एक गावठाणाचा आणि एक एक्स्प्रेस फीडर. एक्स्प्रेस म्हणजे मध्ये कुठेही फाटा नसलेली तार, उपकेंद्रातून सुटली की थेट कारखान्यात. आमचा एक्स्प्रेस फीडर एका भट्टीवाल्या कारखान्याला जायचा. भारनियमनाचं वेळापत्रक वरून यायचं. गळती आणि वसुली यांवरून गावांचे गट पाडलेले होते, ए पासून जी पर्यंत. ए गटाला अंधार कमी, जी गटाला सगळ्यात जास्त. आमची गावं खालच्या गटांत. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे, आणि शेतीची थ्री फेज यायची ती निम्मे दिवस रात्रीचीच. वेळापत्रकाबाहेर अचानक तूट आली की फोनवर मेसेज यायचा, इतके मेगावॅट कमी करा, आत्ता. मग मी उठून ब्रेकर पाडायचा. खट् असा एक आवाज होतो, साहेब. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी तो कानातून गेलेला नाही. तो आवाज झाला की खिडकीतून दिसणारी समोरची वस्ती विझायची आणि तिच्या पलीकडच्या कारखान्याचे दिवे तसेच राहायचे.

त्या वस्तीत आमचं घर होतं.

आई तेव्हा सत्तरीची. तिला फीडर, फ्रीक्वेन्सी यातलं काही कळत नसे. तिला एवढंच माहीत होतं की लेक वीज मंडळात आहे आणि बटण त्याच्या हाताखाली आहे. (मंडळाच्या २००५ सालीच कंपन्या झाल्या होत्या, पण आमच्याकडे आजही मंडळच म्हणतात.) एकदा डबा घेऊन आली तेव्हा दारात उभं राहून तिनं विचारलं, "आरं, त्या कारखान्याची बी वीज हितनंच जाती न्हवं? मग आमचीच का घालवतोस?" मी सांगितलं, भट्टीतलं वितळलेलं लोखंड वीज गेली तर आतच गोठतं, मग भट्टीच बाद होते. तिला ते पटलं. ती म्हणाली, "मग त्यांचं राहू दे बाबा. आमचं काय, कंदील हाय."

हे मुद्दाम सांगतो आहे. वीज खाणाऱ्या कारखान्यांवर आमचा राग नव्हता. भट्टीत दोन-तीनशे माणसं कामाला होती, त्यातली निम्मी आमच्याच गावांतली. काही काळ कारखान्यांनाही आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवावं लागायचं, स्टॅगरिंग म्हणायचे त्याला. शिवाय आमच्या शेतीपंपांची वीज स्वस्त राहावी म्हणून उद्योगांकडून जास्त दर घेतला जातो, तो बोजा त्यांनी वर्षानुवर्षं उचलला. हे मी नाकारत नाही. जालन्याचे पोलाद कारखानदार दराबद्दल ओरडतात तेव्हा त्यांच्या ओरडण्यात तथ्य असतं. शेजारच्या राज्यात वीज स्वस्त पडली तर पोलादाची भट्टी उचलून तिकडे नेता येते.

माझं दुखणं वेगळं आहे. ते कळायला तुम्हाला अजून थोडं मागे यावं लागेल, कोयनेच्या खोऱ्यात.

माझ्या आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. धरण बांधलं जात होतं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की हे पाणी डोंगरातून पश्चिमेला पोफळीला पडेल, त्यावर वीज होईल, त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालतील आणि तुमच्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळतील. यातलं बरंचसं खरं झालं. आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. कृष्णा लवादाने दर वर्षी साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा दिली, ते वळतं. मुंबईचे कारखाने चालले. आमच्या पाटण तालुक्यातले हजारो लोक माथाडी म्हणून ओझी उचलायला मुंबईत गेले, आजही घणसोली-कोपरखैरण्यात त्यांच्या वसाहती आहेत. आमच्या वडिलांना धरणग्रस्त म्हणून मंडळात हेल्परची जागा मिळाली, मग माझी लागली. म्हणजे मी कोयनेचं खाल्लेलं आहे. कृतघ्न नाही.

पण बुडालेल्या गावांतले कित्येक लोक डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले आणि तिथेच अडकले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, तो त्यांच्याच पायाखाली. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक वेळी त्यांच्या दारात एक नवा नियम येऊन उभा राहिला. जमिनीच्या बदल्यात जमीन मागायला कोयनेचे धरणग्रस्त २०१८ साली, म्हणजे धरण भरून अर्धशतक उलटल्यावर, भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. त्यात माझा चुलतभाऊ होता. आमच्याकडे म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. विजेच्या बाबतीत तिचा मी स्वतः साक्षीदार आहे, कारण कोयनेच्या पोटातल्या माणसांचा फीडर मी बंद केलेला आहे.

मुळशीकरांनी हे आमच्याही आधी भोगलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला तो मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या धरणाविरुद्धच. धरण झालंच. पण त्या गिरण्यांनी निदान आपल्या माणसांच्या दोन पिढ्या तरी पोसल्या.

आता मी ऐरोलीत असतो, मुलीकडे. गॅलरीतून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला एक इमारत दिसते. आठ-नऊ मजली असेल, पण तिला खिडक्या नाहीत. मला आधी वाटलं शीतगृह आहे; ते डेटा सेंटर निघालं. छतावर पंख्यांच्या रांगा, मागे डिझेल जनित्रांच्या पेट्या एकीवर एक रचलेल्या. रात्रंदिवस एक घुमणारा आवाज. उपकेंद्रात ज्याने आयुष्य काढलं त्याला आवाजावरून भार कळतो. हा आवाज पहाटे तीनला आणि संध्याकाळी सातला सारखाच असतो. माणसाच्या वस्तीचा भार असा नसतो, साहेब. तो सकाळी चढतो, दुपारी उतरतो, दिवेलागणीला पुन्हा चढतो. या इमारतीला दिवेलागण नाही. गंमत म्हणजे राज्याचा विजेचा भार जिथून सांभाळला जातो ते भार प्रेषण केंद्रही याच ऐरोलीत आहे.

जावई अशाच एका सेंटरमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. वातानुकूलन आणि जनित्रं त्याच्याकडे. मी एकदा विचारलं, "जावईबापू, आत माणसं किती?" तो म्हणाला, "मामा, शिफ्टला पंधरा-वीस, त्यातले निम्मे सिक्युरिटी." मग भार किती विचारलं. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी चष्मा काढून पुसला. तो आकडा त्याच्या नोकरीपायी इथे लिहीत नाही. साधा हिशेब मांडतो. शंभर मेगावॅटचं सेंटर पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला चोवीस लाख युनिट घेतं. आईच्या गावच्या घराला दिवसाला दोन युनिट पुरतात. बारा लाख घरं झाली. आणि हे एक सेंटर. देशातल्या डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेतला निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई परिसराचा आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल, जिकडे बघाल तिकडे नवी बांधकामं चालू आहेत.

जावयाशी माझं यावर भांडण होतं. त्याचं म्हणणं, "मामा, नातवाचे फोटो तुम्ही फोनवर बघता ते कुठे ठेवलेले असतात? भाजीवालीला क्यूआर कोडवर पैसे देता, ते आभाळातून जातात का?" बरोबर आहे त्याचं. मी सेंटर बंद करा म्हणत नाही. मी फोन वापरतो, हे पत्रही फोनवर बोलून लिहून घेतो आहे. जी वस्तू लागते तिला वीज लागणारच.

पण साहेब, माझ्या बिलावर वीज शुल्क १६ टक्के आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, या सगळ्यांच्या बेरजेवर सोळा टक्के सरकारचे. खालच्या किराणा दुकानदाराला २१ टक्के. त्याचा दरही व्यापारी, म्हणजे उद्योगांहून चढा. समोरच्या खिडक्या नसलेल्या इमारतीला दर औद्योगिक आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाप्रमाणे वीज शुल्कात माफी. दुकानदाराच्या एका फ्रीजला आणि दोन पंख्यांना सूट नाही आणि बारा लाख घरांची वीज पिणाऱ्याला सूट आहे. याला तुमच्या भाषेत प्रोत्साहन म्हणतात. आमच्याकडे, व्याह्याला जेवायला वाढून घरच्यांनी ताटं चाटायची, असं म्हणतात.

युनिटमागे अर्धा रुपया शुल्क धरला, तरी शंभर मेगावॅटच्या एका सेंटरमागे दिवसाला बारा लाख रुपये होतात. वर्षाला त्रेचाळीस कोटी ऐंशी लाख. कोयनेच्या पाठीवरच्या वाड्यांना रस्ता आणि नीट लाईन देण्यासाठी निधी नाही असं उत्तर माझ्या चुलतभावाला लेखी मिळालेलं आहे.

तुम्ही म्हणाल, सूट दिली नाही तर ते चेन्नईला जातील, हैदराबादला जातील. हे मी भट्टीबद्दल मान्य केलं असतं. पण डेटा सेंटरवाले इथे तुमच्या अर्ध्या रुपयासाठी आलेले नाहीत. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात, त्या केबल उचलून कुठे नेता येत नाहीत. बँका इथे, शेअर बाजार इथे, सिनेमा इथे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहाराची माहिती देशातच ठेवायची सक्ती केली, म्हणजे देशाबाहेर जायची वाटही अरुंद झाली. ज्याला इथे यावंच लागतं त्याला यायचं बक्षीस द्यायचं, आणि ज्याला जाता येतं त्या जालन्याच्या भट्टीवाल्याकडून घेत राहायचं, हे गणित तुम्हाला कोणी शिकवलं? आम्ही असल्या माणसाला बाजारात पाठवत नाही.

दुसरं तुम्ही म्हणाल की हे लोक हरित वीज घेतात. काही घेतात, मान्य. कागदावर वर्षाची बेरीज जुळते. पण सूर्य संध्याकाळी सहाला घरी जातो आणि त्या इमारतीचा आवाज तसाच राहतो. कोयना आपण संध्याकाळसाठी राखतो, कारण पाणी मोजून मिळतं आणि कोयनेचं जनित्र काही मिनिटांत भार उचलतं. ज्या वेळी सगळं राज्य दिवा लावतं, नेमक्या त्याच वेळी ही कधीच न उतरणारी भूकही पंगतीला असते. रात्री उरलेला भार कोळशावर. चंद्रपूरची २९२० मेगावॅटची राख ऐरोलीच्या गॅलरीत पडत नाही, म्हणून ती नाही असं होत नाही.

साहेब, तुम्ही शिकलेले आहात, परदेशी जाऊन आलेले असाल. आयर्लंडचं तुम्हाला ठाऊक असणार. त्यांनीही कंपन्यांना असंच पायघड्या घालून बोलावलं. २०१५ साली तिथल्या मीटरवरच्या विजेतला पाच टक्के वाटा डेटा सेंटर घेत होती, २०२३ मध्ये एकवीस टक्के. त्या वर्षी तिथल्या सगळ्या शहरांतली घरं मिळून अठरा टक्के वीज वापरत होती. शेवटी त्यांच्या पारेषण कंपनीला डब्लिन भागात २०२८ पर्यंत नव्या सेंटरांना जोडण्या देणं थांबवावं लागलं. सिंगापूरने २०१९ मध्ये नव्या सेंटरांना चक्क थांबवलं, तीन वर्षांनी दार उघडलं ते अटी घालून. बिटकॉइनसाठी दिवसरात्र संगणक चालवणाऱ्यांना चीनने २०२१ मध्ये हाकललं, ते कझाकस्तानात शिरले, तिथली वीज तुटायला लागली, तेव्हा त्या सरकारने २०२२ पासून त्यांच्यावर युनिटमागे एक टेंगे असा वेगळा कर बसवला. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये तर आमच्या कॉन्ट्रॅक्ट डिमांडसारखीच युक्ती काढली. मोठ्या सेंटरने जेवढी वीज लागेल म्हणून सांगितलं, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे बारा वर्षं भरायचे, वापरा अथवा वापरू नका. म्हणजे त्यांच्यासाठी उभारलेल्या तारांचा खर्च उद्या म्हातारीच्या बिलात येऊ नये. हे सगळे देश काय उद्योगविरोधी आहेत?

इतकं लांब जायचीही गरज नाही. २००६ साली पुण्याने काय केलं ते तुमच्याच काळातलं. पुण्याला भारनियमन नको होतं, तेव्हा कारखान्यांची स्वतःची जनित्रं चालवून तूट भरली आणि त्या महाग विजेसाठी पुण्याच्या ग्राहकांनी जादा आकार भरला. आम्हाला हेवा वाटला होता, पण अन्याय वाटला नाही. ज्याला अखंड वीज हवी त्याने तिची किंमत मोजली. तेच तत्त्व आज कुठे गेलं? तेव्हा पुण्याच्या मध्यमवर्गाला लागू होतं, ते आज खिडक्या नसलेल्या इमारतीला का नाही?

कर बसवला की सगळं सुरळीत होतं, इतका भाबडा मी नाही. कोळशाचं उदाहरण ताजं आहे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला पन्नास रुपये अधिभार लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो चारशे झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो अधिभारच गेला आणि कोळशावरचा जीएसटी पाचावरून अठरा टक्के झाला. गोळा केला एका नावाने, वळला दुसरीकडे. म्हणून नुसता कर नको. तो पैसा कुठे जाणार हे आधी लिहून ठेवा, आणि ज्यांच्या पाण्यावर, राखेवर, जमिनीवर ही वीज झाली त्यांचं नाव त्या कागदात असू द्या.

मागणं फार नाही. शुल्काची माफी काढा. जे शुल्क आम्हाला लागू आहे ते त्यांनाही लागू करा, एवढंच, जादा कर मागत नाही. त्यांच्यासाठी जी उपकेंद्रं आणि लाईन लागतात त्यांचा खर्च त्यांच्याकडूनच घ्या, सगळ्यांच्या दरात वाटू नका. संध्याकाळच्या पाच-सहा तासांत त्यांनी स्वतःच्या बॅटऱ्या बसवून त्यांवर भार घ्यावा. आणि महिन्याला किती युनिट, किती पाणी, हे दारावर लावावं. गावातल्या थकबाकीदारांची यादी आम्ही चावडीवर लावत होतो, तेव्हा कोणाच्या अब्रूचा विचार झाला नव्हता. नव्या जोडण्या देताना, ज्या भागात जाळं आधीच तुडुंब आहे तिथे सरळ नाही म्हणा. नाही म्हणता येतं, साहेब. मी चार वर्षं म्हणत होतो, माझ्या सख्ख्या आईला.

आता खरं लागलेलं सांगतो. माझं दुःख पैशाचं नाही. तूट होती तेव्हा तुम्ही आम्हाला सांगितलंत की राज्य म्हणजे एक कुटुंब आहे, घरात कमी असलं की सगळ्यांनी अर्धपोटी राहायचं. ते मी खरं मानलं. त्या शब्दावर मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, काचा झाडल्या. एक रात्र अशी होती की शेजारच्या वाडीतला एक तरुण शेतकरी रात्री दीडच्या थ्री फेजला ऊस भिजवायला गेला आणि पाटात त्याला नाग चावला. त्याच्या बापाने दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात येऊन मला एवढंच विचारलं, "दिवसा दिली असती वीज तर तुमचं काय गेलं असतं?" मी त्यालाही तेच समजावून सांगितलं, राज्यात तूट आहे. तो मुलगा वाचला, पण बापाने पुन्हा माझ्याशी कधी बोलणं ठेवलं नाही. मी त्याला दोष दिला नाही, कारण मला वाटत होतं की तूट संपेल तेव्हा सगळ्यांना सारखंच वाढलं जाईल.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आता सौर वाहिन्या टाकताहेत, पंपांचं बिल माफ केलं आहे, हे मी वाचतो. चांगलंच आहे. पण त्या बापाला मी आज काय सांगू? की तूट संपली, आणि जे पहिलं ताट वाढलं ते अशा पाहुण्याला, ज्याला रात्र-दिवस कळत नाही, आणि त्याच्या जेवणाचा सरकारी वाटाही आपणच सोडला?

आई २०१६ साली गेली. तिला ऐरोलीची ती इमारत दाखवता आली नाही. दाखवली असती तर तिने विचारलं असतं, आत काय गोठतं? वीज गेली तर काय बाद होतं? मला नीट उत्तर देता आलं नसतं. कदाचित तुम्हाला देता येईल. म्हणून विचारतो, आणि या वेळी समजावून सांगायचं काम तुमचं आहे, माझं नाही.

उत्तर वर्तमानपत्रातून दिलंत तरी चालेल, आमच्याकडे दोन येतात. परिषदेतून देऊ नका. तिथे आम्हाला बोलावत नाहीत.

मुलीच्या घरचं या महिन्याचं वीजबिल मी काल भरलं, मुदतीच्या चार दिवस आधी, सोळा टक्के शुल्कासह.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक
मुक्काम ऐरोली, मूळ गाव पाण्याखाली